एरर नं. १०६४ : आरक्षित शब्दांची भानगड



मिनी-प्रोजेक्टच्या सबमिशनचा सीझन आला की आपल्या होस्टेलमध्ये तीनच विषय फिरत असतात: हॉस्टेल मॅनेजमेंट, मेस मॅनेजमेंट आणि लायब्ररी मॅनेजमेंट. तिन्हीत डेटाबेस आलाच. आणि डेटाबेस आला की रात्री दीडच्या सुमारास कोणाच्या तरी स्क्रीनवर लाल अक्षरांत उमटतो तो सुप्रसिद्ध एरर नंबर १०६४. मग ते कोणीतरी लॅपटॉप काखेत मारून माझ्या खोलीचं दार वाजवतं. हे इतक्या वेळा झालंय, की मजल्यावर मला "१०६४वाला" म्हणायला लागलेत. तेव्हा म्हटलं, सगळ्यांना एकदमच सांगून टाकावं. ऑफिसमध्ये रजा-रजिस्टर किंवा फीची यादी कॉम्प्युटरवर सांभाळणाऱ्या स्टाफलाही याचा उपयोग होईल.

१०६४ म्हणजे मायएसक्यूएलचं म्हणणं, "तुमच्या वाक्याचं व्याकरण चुकलंय." कारणं अनेक असतात: स्वल्पविराम राहिला, कंस बंद झाला नाही, स्पेलिंग चुकलं. पण एक कारण असं आहे, की वाक्य दहादा वाचलं तरी चूक दिसत नाही, कारण डोळ्यांना दिसण्यासारखी चूक तिथे नसतेच. ते कारण म्हणजे आरक्षित शब्द.

(एक सूचना: हा मराठी विभाग असल्याने आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. मशीनवर अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या!)

आरक्षण म्हणजे काय?

आपण नवी मुंबईत राहतो, त्यामुळे ही कल्पना आपल्याला सोपी जावी. सिडकोच्या नकाशात काही भूखंड शाळेसाठी, काही बागेसाठी, काही मैदानासाठी राखून ठेवलेले असतात. तिथे तुम्ही घर बांधायला गेलात तर घर कितीही सुंदर असो, परवानगी मिळायची नाही. एसक्यूएलमध्येही असेच काही शब्द राखून ठेवलेले आहेत. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, ऑर्डर, ग्रुप, की हे शब्द आज्ञा देण्यासाठी आहेत. त्यांचं नाव तुम्ही टेबलाला किंवा कॉलमला दिलंत, तर डेटाबेस गोंधळतो.

माणूस गोंधळत नाही. "जनकाचा पण अवघड होता, पण रामाने तो जिंकला, लक्ष्मण पण तिथे होता" हे वाक्य आपण सहज वाचतो. एकच शब्द तीन वेळा आला, तीन वेगळ्या अर्थांनी आला, आणि आपण अडखळलोसुद्धा नाही, कारण आपण संदर्भ लावतो. डेटाबेसमधला पार्सर तेवढा हुशार नसतो. तो वाक्याचे तुकडे करतो, प्रत्येक तुकडा आपल्या यादीत शोधतो, आणि यादीत सापडला की "ही आज्ञा" असा शिक्का मारून मोकळा होतो. मग त्या जागी आज्ञा बसत नाही म्हणून तोच तक्रार करतो.

इतके रोजचे शब्द का अडवले?

याचं उत्तर इतिहासात आहे. ज्या वर्षी मार्च महिन्यात सिडको स्थापन झाली, त्याच १९७० साली जूनमध्ये एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा निबंध प्रसिद्ध झाला. कॉड आयबीएममध्ये होते. त्यांची मांडणी गणिती होती, सामान्य माणसाच्या डोक्यावरून जाणारी. मग आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये एक भाषा मांडली. साध्या इंग्रजी वाक्यासारखी वाचता यावी, प्रोग्रामर नसलेल्यालाही वापरता यावी, हा तिचा हेतू. नाव ठेवलं सीक्वेल. पुढे एका ब्रिटिश विमान कंपनीच्या ट्रेडमार्कमुळे ते नाव आखडून एसक्यूएल झालं. १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर तिचं प्रमाण ठरलं.

आता गंमत बघा. भाषा सोपी व्हावी म्हणून त्यांनी रोजचे शब्द घेतले. आणि आपणही टेबलांना नावं देताना रोजचेच शब्द घेतो. मेसची ऑर्डर, प्रॅक्टिकलचा ग्रुप, खोलीची की. टक्कर होणारच! म्हणजे हा एरर आपल्या अडाणीपणाचं लक्षण नाही. भाषेच्या सोपेपणाची ती किंमत आहे.

मेसेज वाचायचा कसा?

बहुतेक जण मेसेज वाचतच नाहीत, लाल रंग पाहूनच घाबरतात. वास्तविक तो मेसेज बराच प्रामाणिक असतो. समजा, होस्टेलच्या रजांसाठी तुम्ही लिहिलंत:

क्रिएट टेबल लीव्ह (आयडी इंट, नेम व्हारकार(५०));

मायएसक्यूएल म्हणतो, सिंटॅक्समध्ये चूक आहे, निअर 'लीव्ह (आयडी इंट...' ॲट लाइन १. यातला "निअर" महत्त्वाचा. त्याच्या पुढे अवतरणात जे छापलेलं असतं, ती पार्सर जिथे अडकला तिथून पुढची मूळ क्वेरी असते. इथे पहिलाच शब्द लीव्ह. रजा या अर्थाने तुम्ही तो लिहिलात, पण मायएसक्यूएलमध्ये स्टोअर्ड प्रोसीजरच्या लूपमधून बाहेर पडण्याची आज्ञा लीव्ह हीच आहे. होस्टेलच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी टक्कर हीच, असा माझा अनुभव.

पण दरवेळी गुन्हेगार अवतरणातला पहिलाच शब्द असेल असं नाही. हे वाक्य बघा:

सिलेक्ट नेम, रँक फ्रॉम रिझल्ट;

मायएसक्यूएल ८ वर याचा मेसेज येतो निअर 'फ्रॉम रिझल्ट'. फ्रॉममध्ये काय चुकलं? काहीच नाही. रँक हे तिथे फंक्शनचं नाव आहे, म्हणून पार्सर त्याच्यापुढे कंसाची वाट बघत होता. कंसाऐवजी फ्रॉम आला आणि तिथे तो अडकला. म्हणजे चोर एक घर मागे आहे. म्हणून नियम असा: अवतरणातला पहिला शब्द आणि त्याच्या लगेच आधीचा शब्द, दोन्ही तपासा.

याच न्यायाने वाक्याच्या शेवटी ऑर्डर बाय रँक लिहिलंत, तर कधी कधी मेसेजमध्ये निअर '' असं रिकामंच अवतरण येतं. पोरं याला सगळ्यात जास्त घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की पार्सर वाट बघत राहिला आणि वाक्यच संपलं. शेवटचा शब्द तपासा.

बाकीच्या डेटाबेसची बोलण्याची तऱ्हा वेगळी. पोस्टग्रेस म्हणतो सिंटॅक्स एरर ॲट ऑर निअर "ऑर्डर". एसक्यूएल सर्व्हर तर सरळ सांगतो, की ऑर्डर या कीवर्डपाशी चूक आहे. ओरॅकल मात्र कोड्यात बोलतो: टेबलाला ऑर्डर नाव दिलंत तर ओआरए-००९०३, म्हणजे "टेबलाचं नाव अवैध." का अवैध, ते तुम्ही शोधायचं.

निदान पक्कं कसं करायचं?

डॉक्टर तपासल्याशिवाय औषध देत नाही. आपणही देऊ नये. माझी तपासणी दहा सेकंदांची आहे. संशयित शब्दाच्या शेवटी एक एक्स जोडा आणि क्वेरी पुन्हा चालवा. लीव्हचं लीव्हएक्स केल्यावर १०६४ जाऊन त्या जागी ११४६, म्हणजे "असं टेबल नाही", किंवा १०५४, म्हणजे "असा कॉलम नाही" आला, तर निदान पक्कं. व्याकरण सुधारलं, फक्त नाव सापडत नाही. म्हणजे दोष त्या शब्दातच होता. एक्स जोडूनही १०६४ तसाच राहिला, तर शब्द निर्दोष आहे. स्वल्पविराम आणि कंस शोधा. डेटामध्ये डिसोझासारखं नाव इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी देऊन लिहिलेलं असेल तर तेही बघा, कारण त्या एका चिन्हाने वाक्याचं अवतरण मध्येच बंद होतं. (त्याचा खरा उपाय पॅरामीटर वापरणं, पण तो वेगळा विषय.)

खात्रीसाठी याद्याही उपलब्ध आहेत, त्याही डेटाबेसच्या पोटातच. मायएसक्यूएल ८ मध्ये इन्फर्मेशन स्कीमात कीवर्ड्स नावाचं टेबल आहे. त्यात ज्या शब्दापुढे रिझर्व्ह्डच्या रकान्यात १ आहे तो आरक्षित. पोस्टग्रेसमध्ये पीजी_गेट_कीवर्ड्स हे फंक्शन आहे. ओरॅकलमध्ये व्ही$रिझर्व्ह्ड_वर्ड्स हा व्ह्यू आहे.

"पण माझ्याकडे तर चालतं!"

हे वाक्य आपल्या लॅबमध्ये रोज ऐकू येतं, आणि ते खोटं नसतं. प्रत्येक डेटाबेसची आरक्षणाची यादी वेगळी आहे. ऑर्डर आणि ग्रुप सगळीकडेच अडतात. लेव्हल ओरॅकलमध्ये आरक्षित, मायएसक्यूएलमध्ये नाही. लीव्ह मायएसक्यूएलमध्ये आरक्षित, पोस्टग्रेसला त्याचं काही नाही. त्यामुळे पार्टनरच्या मशीनवर एक डेटाबेस आणि तुमच्या मशीनवर दुसरा असेल, तर भांडण ठरलेलं.

एकाच डेटाबेसच्या दोन आवृत्त्यांतही फरक पडतो. सिडको जसा नकाशा बदलते आणि काल मोकळा असलेला भूखंड आज राखीव होतो, तसंच. एप्रिल २०१८ मध्ये मायएसक्यूएल ८.० बाजारात आलं. त्यात विंडो फंक्शन्स आली, जी एसक्यूएलच्या २००३ च्या प्रमाणात आधीच होती. त्यांच्याबरोबर रँक, ग्रुप्स, विंडो, सिस्टिम असे शब्द आरक्षित झाले. त्याआधीच्या ५.७ वर रँक नावाचा कॉलम आणि ग्रुप्स नावाचं टेबल सुखाने नांदत होतं. ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, आणि जो तो ८ वर जायला लागला. सिनिअरचा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवरून घेऊन, एक अक्षर न बदलता चालवला तरी बंद पडतो, तो याच कारणाने. अपग्रेडच्या आधी मायएसक्यूएल शेलमधला अपग्रेड चेकर चालवा. अशा नावांची यादी तो आधीच देतो.

चॅटबॉटला विचारणाऱ्यांसाठीही हेच. आधी सिलेक्ट व्हर्जन() चालवून आवृत्ती बघा आणि ती प्रश्नात लिहा. आवृत्ती न सांगता मिळालेलं उत्तर दुसऱ्याच्याच घराचं असू शकतं.

तिसरी गंमत. तोच कॉलम एका क्वेरीत चालतो आणि दुसरीत नाही! सिलेक्ट आर.रँक फ्रॉम रिझल्ट आर हे मायएसक्यूएल ८ वरही बिनतक्रार चालतं. कारण टिंबानंतर जे येईल ते नावच असणार, हे मायएसक्यूएलमध्ये ठरलेलं आहे. रिक्षावाल्याला नुसतं "सेक्टर १०" म्हटलंत तर तो तुमच्या तोंडाकडे बघतो, कारण सेक्टर १० वाशीतही आहे, नेरूळलाही आणि खारघरलाही. "नेरूळ, सेक्टर १०" म्हटलं की मीटर पडतं. टिंबाचं काम तेच.

आणि जँगो किंवा लॅरावेल वापरणाऱ्यांनो, तुमच्याकडे हा एरर दिसत नाही कारण ते फ्रेमवर्क सगळ्या नावांना गुपचूप अवतरणं लावतं. ज्या दिवशी स्वतःच्या हाताने क्वेरी लिहाल, त्या दिवशी भेट होईल.

औषध, आणि औषधाचा अपाय

औषध म्हणजे नावाला अवतरण लावणं. त्याने पार्सरला कळतं, की ही आज्ञा नाही, हे नाव आहे. पण चिन्ह कोणतं, इथेच खरी भानगड आहे.

मायएसक्यूएलमध्ये बॅकटिक: `रँक`. कीबोर्डवर १ च्या डावीकडे, एस्केपच्या खाली जी दुर्लक्षित की असते, ती हीच. प्रमाण एसक्यूएल, ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये दुहेरी अवतरण: "रँक". एसक्यूएल सर्व्हर आणि ॲक्सेसमध्ये चौकोनी कंस: [रँक].

आणि एकेरी अवतरण? 'रँक'? कधीही नाही. एकेरी अवतरणातलं जे काही असेल ते नाव राहत नाही, तो नुसता मजकूर होतो. मायएसक्यूएलमध्ये मूळ सेटिंगवर दुहेरी अवतरणाचंही तेच होतं. आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे यावर एरर येत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका होस्टेलच्या खोलीवाटपाची यादी एकदा माझ्याकडे नजर टाकायला आली होती. नियम साधा: मेरिटच्या क्रमाने पहिल्या चाळीस जणांना खोल्या. जुनी क्वेरी सर्व्हर अपग्रेड झाल्यावर १०६४ द्यायला लागली होती. कोणीतरी घाईत रँकला एकेरी अवतरण लावलं. एरर गेला, यादी छापून आली, सगळे खूश. क्वेरीचा शेवट असा होता:

ऑर्डर बाय 'रँक' लिमिट ४०;

याचा अर्थ काय झाला? "रँक या अक्षरांनुसार क्रम लावा." ती अक्षरं प्रत्येक ओळीत सारखीच, त्यामुळे क्रम लागलाच नाही. टेबलात नावं ज्या क्रमाने पडली होती, तीच वरची चाळीस उचलली गेली. ज्यांनी फॉर्म आधी भरला, त्यांना खोली! पहिल्याच नावापुढचा मेरिट नंबर ५७ होता, म्हणून लक्षात आलं. ती यादी नोटीस बोर्डावर लागली असती, तर परभणी किंवा सिंधुदुर्गहून आलेला, मुंबईत कोणी नातेवाईक नसलेला नवव्या नंबरचा मुलगा पेइंग गेस्टची जागा शोधत हिंडला असता. आणि विचारायला गेला असता, तर उत्तर मिळालं असतं, "कॉम्प्युटरने काढलेली यादी आहे."

अशीच दुसरी चूक म्हणजे व्हेअर 'रँक' <= ४०. मायएसक्यूएल त्या मजकुराचा आकडा करायला जातो, तो शून्य होतो, आणि शून्य चाळीसपेक्षा लहान असल्याने सगळेच्या सगळे पात्र ठरतात. एक वॉर्निंग येते, पण वॉर्निंग वाचतो कोण?

पोस्टग्रेसचाही एक नमुना सांगतो. तिथे युजर आरक्षित आहे. फ्रेमवर्कने अवतरण लावून युजर नावाचं टेबल बनवलं, आणि तुम्ही अवतरणाशिवाय सिलेक्ट * फ्रॉम युजर चालवलंत, तर एरर येत नाही. एकच ओळ येते, आणि तिच्यात डेटाबेसमध्ये लॉगिन केलेल्याचं नाव! तुम्ही समजता, बाकीचा डेटा उडाला.

म्हणून मी नेहमी म्हणतो, १०६४ वर रागावू नका. तो तोंडावर बोलणारा मित्र आहे. भीती बाळगायची ती त्याला गप्प करणाऱ्या उपायांची. एरर गेला म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नाही. दुरुस्तीनंतर निकालाच्या पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन ओळी मूळ कागदाशी हाताने ताडून बघा. दोन मिनिटं लागतात.

कायमचा इलाज

अवतरण ही मलमपट्टी आहे. प्रत्येक क्वेरीत, प्रत्येक वेळी, प्रत्येकाने ती लावायची, आणि एकाने विसरली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शिवाय ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये अवतरणात दिलेलं नाव कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट पक्कं होऊन बसतं, आणि पुढे जन्मभर तसंच लिहावं लागतं.

खरा इलाज बारशालाच करायचा. ईआर डायग्राम काढतानाच नावं दोन शब्दी ठेवा: लीव्हऐवजी हॉस्टेल_लीव्ह, रँकऐवजी मेरिट_रँक, ऑर्डरऐवजी मेस_ऑर्डर. नुसतं अनेकवचन करून भागत नाही. ग्रुप्सचं काय झालं ते वर पाहिलंच. किंवा सरळ मायबोलीला शरण जा! इंग्रजी लिपीत रजा, खोली, क्रमांक अशी नावं द्या. एसक्यूएलचं कोणतंही प्रमाण उद्या "रजा" हा शब्द आरक्षित करील अशी शक्यता नाही. फक्त स्पेलिंग एकच ठरवा, नाहीतर एकाची खोली एका "ओ"ची आणि दुसऱ्याची दोन "ओ"ची, असा नवाच घोळ होईल.

जुनी टेबलं असतील तर आल्टर टेबलने नाव बदलता येतं. पण आधी बॅकअप घ्या, आणि ते नाव वापरणाऱ्या सगळ्या क्वेरी शोधून काढा. सबमिशनच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नका. त्या रात्री बॅकटिक लावा आणि झोपा.

कापून कपाटाच्या दारावर चिकटवा :

१. निअरच्या पुढचा पहिला शब्द आणि त्याच्या आधीचा शब्द बघा. निअर रिकामं असेल तर शेवटचा शब्द.

२. त्याला एक्स जोडून चालवा. एरर बदलला तर शब्द आरक्षित.

३. मायएसक्यूएलला बॅकटिक, ओरॅकल-पोस्टग्रेसला दुहेरी अवतरण, एसक्यूएल सर्व्हरला चौकोनी कंस. नावाला एकेरी अवतरण कुठेच नाही.

४. एरर गेल्यावर निकाल हाताने ताडा. यादी माणसांची असेल तर नक्कीच.

५. पुढच्या वेळी नाव दोन शब्दी ठेवा.

एवढं करूनही अडलात तर या, दार उघडं आहे. मात्र येताना मेसेजचा फोटो आणू नका. अख्खी क्वेरी, अख्खा मेसेज आणि डेटाबेसची आवृत्ती घेऊन या. आणि जमलं तर, टपरीवरून दोन कटिंग!